मागच्या आसनावरचे ऊन

जून महिन्यात शाळा उघडते त्या दिवशी आपल्या प्रवेशद्वाराशी उभे राहिले की एक दृश्य वर्षानुवर्षे दिसते. मोटार येऊन थांबते. पुढच्या आसनावरून वडील किंवा मामा ताजेतवाने उतरतात. मग मागचे दार उघडते आणि मांडीवर वळकटी घेतलेला, घामाने निथळणारा विद्यार्थी व धाकट्या बाळाला पदराने वारा घालणारी त्याची आई बाहेर येते. काही वर्षांपूर्वी अशाच एका पाचवीच्या मुलाला उतरताक्षणी उलटी झाली. ‘गाडी लागली असेल’, असे आम्ही सारेच म्हणालो. अंग मात्र हाताला तापलेले लागत होते. भाड्याच्या त्या गाडीत एसी सुरू होता. पण मागे व्हेंट नव्हते, आणि पुढे बसलेल्यांना थंडी वाजू लागल्यावर त्यांनी ब्लोअर कमी केला होता. वहन, अभिसरण आणि प्रारण हा धडा मी दरवर्षी फळ्यावर शिकवीत आलो आहे. प्रस्तुत लेख त्या धड्याची पुरवणी समजावा.

बंद मोटार तापते कशी, याविषयी एक समज रूढ आहे : काच ऊन आत घेते आणि उष्णता बाहेर सोडत नाही. हे अंशतः खरे आहे. तथापि १९०९ साली रॉबर्ट वूड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने दोन काळ्या पेट्या उन्हात ठेवल्या. एकीवर काच होती, दुसरीवर उष्णतेच्या किरणांना अडथळा न करणारा सैंधवाचा पातळ पत्रा. दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या. याचा अर्थ असा, की मुख्य कारण कोंडलेली हवा हे आहे. तापलेल्या हवेला निघून जायला वाट नसते. मागच्या आसनाचे दुखणे नेमके हेच आहे. तिथे थंड हवा पोचत नाही एवढेच नव्हे, तर गरम हवा तिथून हलत नाही.

एसीवरचे आतलीच हवा फिरविण्याचे बटण दाबले की यंत्र मोटारीतील हवा पुन्हा आत ओढते. ही ओढणारी जाळी बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डखाली, पुढील प्रवाशाच्या पायांजवळ असते. म्हणजे थंड हवा पुढेच बाहेर पडते आणि बरीचशी पुढूनच परत जाते. मागचे प्रवासी या फेऱ्याच्या बाहेर राहतात. उलट बाहेरची हवा घेण्याचे बटण दाबले, तर आलेल्या हवेला कुठून तरी बाहेर पडावेच लागते. त्यासाठी डिकीच्या बाजूला, बम्परच्या आड, एकेरी झडपा बसविलेल्या असतात. त्यामुळे हवेचा प्रवाह पुढून मागे वाहू लागतो. मात्र बाहेर ४५ अंश तापमान असता हा उपाय यंत्राला जड जातो. म्हणून आधी आतली हवा फिरवून गाडी गार करावी, आणि मग अधूनमधून काही मिनिटे बाहेरची हवा घ्यावी. चार-पाच माणसांच्या श्वासाने साचलेला कार्बन डायऑक्साइडही त्यामुळे निघून जातो. चालकाला येणाऱ्या पेंगेचे तेही एक कारण असते.

व्हेंटची दिशा ही बिनखर्चाची गोष्ट, पण तिच्याकडे कोणी पाहत नाही. मधली दोन व्हेंट पुढच्यांच्या छातीवर न रोखता वर, छताच्या दिशेने करावीत. थंड हवा जड असते. छतालगत मागे जाऊन ती खाली उतरते. कडेची व्हेंट खिडकीच्या काचेलगत मागे वळवावीत. ब्लोअर वाढवावा, कारण गारवा मागे नेण्याचे काम वेगाचे आहे. अशाने पुढच्यांना थोडे कमी गार वाटेल. ते त्यांनी सोसावे. गारवा पुरेसा आहे की नाही, हे मागे बसलेल्यांना विचारूनच ठरवावे.

सामानाचेही असेच. दोन पुढच्या आसनांमधली फट ही हवेची मुख्य वाट आहे. तिथे पिशवी किंवा फराळाचा डबा ठेवू नये. डिकीत पत्र्याची पेटी आणि गादी अशी कोंबू नये की बाजूच्या झडपा बुजतील. लहान पंखा लावायचा असल्यास तो पक्का बसवावा. सैल पंखा अचानक ब्रेक लागताच कोणाच्याही डोक्यावर येऊ शकतो.

बर्फाच्या डब्यावर पंखा लावण्याची युक्ती हल्ली पुष्कळजण सांगतात. हिशेब करून पाहू. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. दोन किलो बर्फ तासाभरात वितळला, तर सरासरी सुमारे १८५ वॅट गारवा मिळतो. स्वस्थ बसलेला एक माणूसच सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे दोन किलो बर्फाने दोघांच्या अंगची ऊबही पुरती निघत नाही. ओल्या पंचाचे वेगळे आहे. विदर्भाच्या कोरड्या हवेत खिडक्या उघड्या असताना तो उत्तम काम देतो, कोकणात नाही. बंद गाडीत त्याची वाफ पुन्हा एसीलाच थिजवावी लागते.

ऊन कोणत्या बाजूने येणार, हे निघण्यापूर्वीच कळते. नागपूरहून चंद्रपूरकडे सकाळी निघालो तर आपण साधारण दक्षिणेकडे जातो, आणि ऊन डाव्या खिडकीतून येते. त्याच दिवशी सायंकाळी परतताना तोंड उत्तरेकडे असते, सूर्य पश्चिमेला. ऊन पुन्हा डावीकडेच! मुलाला डाव्या बाजूला बसविले तर दोन्ही वेळा तेच भाजून निघते. नवतप्याच्या दिवसांत भरदुपारी सूर्य तिकडे जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा तापते ते छत. गडद काळी फिल्म हा यावरचा मार्ग नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत यावा लागतो. आसनांवर पांढरे सुती आच्छादन आणि मुलाच्या उघड्या पायांवर पातळ पांढरी ओढणी, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

उन्हात उभी राहिलेली गाडी सुरू करताना लगेच आत बसू नये. चारही दारे मिनिटभर उघडी ठेवावीत. निघाल्यावर पहिली एक-दोन मिनिटे फक्त मागच्या काचा थोड्या खाली ठेवून ब्लोअर पूर्ण वेगाने चालवावा. साचलेली गरम हवा मागून निघते आणि तिच्या जागी पुढची थंड हवा ओढली जाते. कोंडलेली हवा मागे साचू द्यायची नाही, हेच तत्त्व इथेही लागू पडते.

थांबलेल्या गाडीत मुलाला ‘दोनच मिनिटे’ म्हणूनही ठेवू नये. २००५ साली अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या संशोधकांनी केलेल्या मोजणीत उन्हातील बंद गाडीचे तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढले, आणि त्यातील ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा लवकर तापते. प्रवासात मूल एकाएकी गप्प झाले, असंबद्ध बोलू लागले, अंग तापले किंवा उलटी झाली, तर गाडी सावलीत थांबवावी, त्याचे कपडे सैल करावेत, ओल्या कापडाने अंग पुसून वारा घालावा आणि विलंब न लावता जवळचे रुग्णालय गाठावे. पूर्ण शुद्धीवर असेल तरच पाणी घोटघोट द्यावे.