भाषिक अल्पसंख्य आणि सार्वजनिक ग्रंथालये

उपजीविकेसाठी दूरच्या मुलखातून आलेल्या समाजांना नव्या भूमीत काम लवकर मिळते. समाजात स्थान मात्र उशिरा मिळते. हे अंतर कमी करण्याचे सामर्थ्य सार्वजनिक ग्रंथालयात आहे. युनेस्कोने १९४९ मध्ये प्रसृत केलेला ग्रंथालयविषयक जाहीरनामा १९९४ मध्ये सुधारण्यात आला, तेव्हा भाषिक अल्पसंख्यांसाठी विशेष सेवा असाव्यात, असे त्यात स्पष्टपणे नमूद झाले.

न्यूयॉर्क शहरातील क्वीन्स विभागाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. अमेरिकेचा स्थलांतरविषयक कायदा १९६५ मध्ये बदलल्यानंतर तेथे आशिया व लॅटिन अमेरिकेतून येणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. १९७७ मध्ये तेथील सार्वजनिक ग्रंथालयाने या नवागतांसाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला. कोणत्या वस्तीत कोणती भाषा बोलली जाते, याचा अभ्यास करून त्या त्या भाषांतील पुस्तके ठेवण्यात आली. जोडीला इंग्रजीचे विनामूल्य वर्ग, तसेच आरोग्य, नोकरी व नागरिकत्व यांविषयी नवागतांच्याच भाषेत व्याख्याने, अशी योजना झाली. मातृभाषेतील पुस्तकाच्या ओढीने आलेल्या वाचकाला तेथेच नव्या भाषेचा वर्गही गवसतो, हे या योजनेचे मर्म होय.

महाराष्ट्रालाही हा प्रश्न अपरिचित नाही. सोलापूरच्या हातमाग व यंत्रमाग व्यवसायात तेलुगू भाषिक पद्मशाली समाज, तर मालेगाव व भिवंडी येथे उर्दू भाषिक विणकर पिढ्यान्‌पिढ्या राबत आले आहेत. आपली भाषा व लिपी जतन करण्याचा हक्क राज्यघटनेच्या २९ व्या अनुच्छेदाने अशा समाजांना दिला आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमान्वये शासनमान्य ग्रंथालयांना त्यांच्या वर्गानुसार अनुदान मिळते. परंतु ही ग्रंथालये मुख्यत्वे स्थानिक संस्था चालवितात. साहजिकच, कपाटात कोणत्या भाषेला जागा मिळावी, हे बव्हंशी कार्यकारी मंडळाच्या दृष्टीवर अवलंबून राहते. वस्तीतील अल्पसंख्य समाजाचे प्रतिनिधी ग्रंथनिवडीत सहभागी झाले, तर ही उणीव सहज भरून निघेल.

एकात्मता म्हणजे स्वभाषेचा त्याग नव्हे. तेलुगू वा उर्दू पुस्तकाशेजारी मराठी शिकविणारे सुबोध पुस्तक असावे, आणि मराठी वाचकालाही शेजाऱ्याचे साहित्य अनुवादातून वाचता यावे. ओळख दोन्ही बाजूंनी वाढली, तरच ती टिकते. त्यासाठी मोठ्या वास्तूची गरज नाही. गावातील वाचनालयाचे एक कपाटही आरंभास पुरेसे आहे.