निसर्गपाठ : फळझाडांवरील हिरवा ढेकूण

उद्देश : कीड मारण्यापूर्वी ती ओळखण्याची सवय विद्यार्थ्यांस लावणे.

कच्चे लिंबू अवेळी पिवळे पडून गळते. चिरून पाहिले तर आत अळी नसते व सालीवर भोकही दिसत नाही. मग दोष जमिनीला अथवा पाण्याला दिला जातो. पुष्कळदा खरा अपराधी असतो पानाआडचा हिरवा ढेकूण.

पाठीवरील त्रिकोणी ढाल, टोकदार खांदे आणि डोक्याखाली दुमडलेली सुईसारखी सोंड या त्याच्या खुणा होत. सोंड फळात खुपसून तो रस शोषतो. डिवचल्यास उग्र वास सोडतो. भुंगेऱ्याप्रमाणे त्याला कोशावस्था नसते. पिलू पाच वेळा कात टाकून पंखधारी होते.

चीनमध्ये इ. स. 304 चा समजल्या जाणाऱ्या एका ग्रंथात, संत्र्यांच्या रक्षणासाठी मुंग्यांची घरटी बाजारात विकली जात, अशी नोंद आहे. पाने शिवून घर करणाऱ्या त्याच तांबड्या मुंग्यांना कोकणात ओंबील म्हणतात. कांजूरमार्ग-पवईच्या परिसरातील आंब्यांवरही त्या आढळतात. त्या या ढेकणांची शिकार करतात. मात्र पिठ्या ढेकणाचे त्या रक्षणही करतात, हे मुलांपासून लपवू नये.

प्रत्यक्ष कार्य : सकाळी शाळेजवळच्या लिंबाच्या पानांची खालची बाजू मुलांकडून तपासून घ्यावी. अंड्यांचे पुंजके दिसल्यास ती पाने खुडावीत. शेवटी एक प्रश्न विचारावा : ओंबिलीचे घरटे पाडल्यास लाभ कोणाचा होईल?