पोटाच्या ऑपरेशनसाठी परदेशातून येणारा पेशंट: पैसे नक्की कशाचे घ्यायचे?

सेवा व्यवसायाच्या आपल्या मालिकेत या वेळचा व्हिडिओ मेडिकल टुरिझमवर आहे. बोर्डावर जे आकडे घाईत लिहिले ते इथे नीट मांडतो, आणि वेळेअभावी जे राहिलं तेही सांगतो. या विषयावर प्रश्न बहुतेक एकाच प्रकारचा येतो. “सर, माझे नातेवाईक आखातात आहेत, अमेरिकेत आहेत. तिकडचा पेशंट इकडे आणला तर कमिशन मिळतं म्हणे. सुरू करू का?”

सुरू करायला हरकत नाही. पण आधी आपण एकच ऑपरेशन उदाहरण म्हणून घेऊ, टमी टक. बाळंतपणानंतर किंवा खूप वजन उतरल्यावर पोटाची कातडी लोंबते, मधले स्नायू एकमेकांपासून लांब गेलेले असतात. सर्जन ओटीपोटावर एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत छेद घेतो, स्नायू टाके घालून जवळ आणतो आणि जास्तीची कातडी कापून टाकतो. हे वजन कमी करण्याचं ऑपरेशन नाही. बरेच गिऱ्हाईक तसं समजून येतात, म्हणून पहिल्या फोनलाच हे सांगायचं. नंतरचे काही दिवस माणूस कमरेत वाकून चालतो, पोटाला पट्टा असतो, बऱ्याचदा साचलेलं पाणी बाहेर काढायला नळी लावलेली असते. जड उचलणं काही आठवडे बंद. आणि हे सगळं करायला माणूस विमानात बसून परक्या देशात जातो!

का जातो? कारण हौसेच्या ऑपरेशनला विमा पैसे देत नाही. सगळी रक्कम खिशातून. त्यामुळे अमेरिकेतल्या बायका डॉमिनिकन रिपब्लिकला किंवा मेक्सिकोला जातात, इंग्लंडच्या तुर्कस्तानला. आपल्याकडे मुंबई-पुण्यात येणाऱ्यांमध्ये परदेशात राहणारे आपलेच लोक असतात. त्यांचा हिशोब साधा आहे: एक तिकीट, एक रजा, आणि त्यात जमेल तेवढं सगळं उरकून घ्यायचं.

इथेच थांबा. आपण या चॅनलवर नेहमी सांगतो की कॉम्बो लावा, चहाबरोबर क्रीमरोल ठेवा, बिल वाढतं. या धंद्यात तो नियम उलटा चालतो. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने एक अहवाल काढला. सौंदर्य शस्त्रक्रियेसाठी डॉमिनिकन रिपब्लिकला गेलेल्या अमेरिकन नागरिकांपैकी २००९ ते २०२२ या काळात ९३ जण दगावले. २०१८ पर्यंत वर्षाला सरासरी चार, आणि २०१९ पासून सरासरी तेरा. ज्या मृत्यूंचे कागद तपासता आले त्यात जवळजवळ प्रत्येकीवर एकाच बैठकीत एकापेक्षा जास्त ऑपरेशनं झाली होती. चरबी काढणं, ती नितंबात भरणं, वर टमी टक. मृत्यूचं कारण बहुतेक ठिकाणी एकाच जातीचं होतं: चरबीचा कण किंवा रक्ताची गुठळी वाहत जाऊन फुफ्फुसाची वाट बंद. वजन जास्त असणं हाही धोका त्यात अनेकींमध्ये होता.

आता हे पॅकेज बनवलं कोणी? ऑपरेशन डॉक्टरने केलं. पण “आलीच आहेस तर तेही करून घे” हे वाक्य बऱ्याचदा डॉक्टरच्या आधी एजंट बोलतो. त्याचं कमिशन बिलावर असतं. बिल वाढलं की त्याचं वाढतं. माणूस वाईट असायची गरजच नाही, पैशाची रचनाच त्याच्याकडून ते बोलवून घेते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: या धंद्यात ऑपरेशनवर कमिशन घ्यायचं नाही. कायद्याच्या बाजूने बघितलं तरी, भारतात डॉक्टरने पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन देणं किंवा घेणं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत मना आहे. म्हणजे ज्या डॉक्टरकडून तुम्ही गुपचूप पाकीट घेणार, तो पहिल्याच दिवशी स्वतःचा नियम मोडतोय. असा माणूस तुमच्या पेशंटसाठी रात्री दोन वाजता फोन उचलेल, याची खात्री तुम्हीच द्या.

मग पैसे कशाचे घ्यायचे? दिवसांचे. ऑपरेशननंतरच्या दिवसांचे.

गुठळीचा धोका ऑपरेशन टेबलवर संपत नाही, पुढे काही आठवडे राहतो. त्यात लांबचं विमान म्हणजे पाय न हलवता तासन् तास बसणं, पाणी कमी पिणं. पिंढरीत गुठळी धरते आणि तिथून फुफ्फुसात जाते. म्हणून सीडीसी सांगते की पोटाच्या ऑपरेशननंतर निदान दहा दिवस विमानात बसू नका. इंग्लंडची एनएचएस टमी टकसाठी सात ते दहा दिवस सांगते. पेशंटला मात्र घरी जायची घाई असते. मुलं तिकडे, रजा संपत आलेली, हॉटेलचं मीटर चालू. पाचव्या दिवशी “मला बरं वाटतंय, तिकीट अलीकडचं करा” असा आग्रह सुरू होतो. कमिशन घेऊन मोकळ्या झालेल्या एजंटला तिला अडवण्यात काडीचा फायदा नसतो.

बोर्डावरचा हिशोब बघा. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या गावाचे भाव तुम्ही टाका. समजा ऑपरेशनचं बिल ३ लाख आणि कमिशन १० टक्के. दोन फोन केले, ३०,००० आले. दुसरी पद्धत: तुम्ही पेशंट आणि सोबतचा माणूस अशा दोघांची सोळा दिवसांची सोय करता. दिवसाला ६,००० प्रमाणे ९६,०००. खर्च दिवसाला असा: लिफ्ट असलेल्या इमारतीतली खोली २,५००, दोघांचं घरचं जेवण १,०००, मदतीला येणारी मावशी ९००, गाडी आणि किरकोळ ४००. म्हणजे ४,८००. सोळा दिवसांचे ७६,८००. हातात १९,२००.

“सर, हे तर कमी झालं!” हो, कमी झालं, आणि कामही जास्त. पण खोली तुमची स्वतःची असेल तर गणित लगेच बदलतं. दुसरं, या कामात तुम्ही डॉक्टरवर अवलंबून नाही. गुडघ्याचं ऑपरेशन करून आलेला पेशंटही याच खोलीत राहील. तिसरं, बरी होऊन परत गेलेली बाई तिकडे दहा जणींना तुमचं नाव सांगते. त्या मऊ भात आणि वेळेवर आलेल्या मावशीबद्दलच बोलतात, सर्जनच्या टाक्यांबद्दल नाही.

यात एक खोट आहे ती लपवत नाही. दिवसाचे पैसे घेतले की दिवस लांबवायचा मोह होतो. त्यावर उपाय म्हणजे किती दिवस थांबायचं ते ऑपरेशनच्या आधीच सर्जनकडून लेखी घ्यायचं, पेशंटला दाखवायचं, आणि परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढायला सांगायचं. शिवाय सुरुवातीची फी वेगळी ठेवा. रिपोर्ट गोळा करणं, दोन सर्जनकडून मत मागवणं, याचे समजा ५,०००. उत्तर “ऑपरेशन करू नका” असं आलं तरी ती फी तुमची. नाही ऐकवूनही तुमचं घर चाललं पाहिजे, तरच तुम्ही नाही ऐकवाल. सिगारेट ओढणारा, वजन फार असलेला, पुढे मूल हवं असलेली, अशांना सर्जनने थांबायला सांगितलं तर दुसरा “हो” म्हणणारा सर्जन शोधत फिरायचं नाही.

आता वहीबद्दल. हसू नका, वही फार मोठी गोष्ट आहे. मेक्सिकोत टेक्सासच्या सीमेलगत मातामोरोस नावाचं शहर आहे. २०२३ मध्ये तिथल्या दोन क्लिनिकमध्ये कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिलेल्या पेशंटना बुरशीमुळे मेंदूज्वर झाला. त्यात अमेरिकेतून सौंदर्य शस्त्रक्रियेसाठी गेलेल्या बायका होत्या, काही दगावल्या. मे महिन्यात क्लिनिकं बंद झाली, आणि मग अमेरिकेच्या आरोग्य खात्यांना दोनशेहून अधिक लोक शोधून सांगावं लागलं की काही होत नसलं तरी हॉस्पिटलात जाऊन तपासून घ्या. कारण त्रास सुरू व्हायला काही आठवडे लागू शकत होते. अशा वेळी पेशंटचा चालू फोन नंबर, ऑपरेशनची तारीख, भूल कुठली दिली, हे ज्याच्याकडे लिहिलेलं असतं तो माणूस जीव वाचवतो. डॉमिनिकन रिपब्लिकहून परतलेल्यांच्या जखमांत एका चिवट जंतूचा संसर्गही सापडलेला आहे. क्षयाच्या जंतूच्या कुळातला, पण वेगळा. तोही घरी गेल्यावर काही आठवड्यांनी डोकं वर काढतो आणि औषधं महिनोन् महिने चालतात. म्हणून डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोट आणि औषधांची यादी इंग्रजीत पेशंटच्या हातात द्या, एक प्रत तुमच्याकडे. तिच्या घराजवळचा डॉक्टर कोण, हे ती इकडे यायच्या आधीच ठरलेलं हवं. साधा प्रवास विमा अशा ठरवून केलेल्या ऑपरेशनची गुंतागुंत सहसा भरत नाही, हेही आधीच सांगा.

कागदपत्रांचं भराभर सांगतो. परदेशी पेशंटला ई-मेडिकल व्हिसा लागतो, सोबत दोन जणांना अटेंडंट व्हिसा मिळू शकतो. ओसीआय कार्ड असेल तर व्हिसाची गरज नाही. परदेशी नागरिक तुमच्या खोलीत उतरला की २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरायची, घरगुती खोली असली तरी. सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनला जीएसटीची सूट नाही, त्यामुळे हॉस्पिटलचा आकडा करासकट विचारा. सर्जनची डिग्री प्लास्टिक सर्जरीची आहे का आणि नोंदणी चालू आहे का, ते मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत स्वतः बघा, भिंतीवरच्या फ्रेमवर जाऊ नका.

या आठवड्याचा होमवर्क: तुमच्या शहरातल्या तीन हॉस्पिटलांत जा. परदेशी पेशंटच्या काउंटरला एवढंच विचारा की डिस्चार्जनंतर पेशंट कुठे राहतो, आणि रात्री ताप आला तर कोणाला फोन करतो. उत्तरं कॉमेंटमध्ये लिहा, हॉस्पिटलचं नाव न टाकता. पुढच्या व्हिडिओत खोली कशी तयार करायची ते बघू. पलंगाची उंची, संडासातला आधाराचा दांडा, आणि मावशींना पहिल्या दिवशी काय शिकवायचं.