जिप्सी घेतलीस, आता ऐक

जुनी का होईना, जिप्सी घेतलीस, फार बरं केलंस. १९८५ च्या डिसेंबरात आली तेव्हापासून शेवटपर्यंत या गाडीचा मूळ सांगाडा फारसा बदलला नाही. पुढेमागे सलग अ‍ॅक्सल, चारही चाकांना पाटे. म्हणून तर ती घरच्या अंगणात साध्या पान्यांनी उघडता येते. तू लिफ्ट, रुंद टायर, विंच अशी यादी पाठवलीस, ती सध्या बाजूला ठेव. एक पावसाळा गाडी आहे तशी चालव. खालून तिचा बोल्टन् बोल्ट हाताखालून जाऊ दे, मग पैसे खर्च कर.

खाली शिरायच्या आधी एक पक्कं लक्षात ठेव: जॅक गाडी उचलण्यापुरता असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. फरशीवर स्टँड लाव, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढूनमागून दगड लाव, गाडी जोर लावून हलवून बघ आणि मगच आत जा. मातीच्या अंगणात स्टँडखाली जाड फळी हवीच. जुन्या विलीज जीपमध्ये तर हँडब्रेक चाकावर नसून प्रोपेलर शाफ्टवर लागतो. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शलमुळे तो गाडीला धरत नाही. मित्राची जीप उघडशील तेव्हा हे आठव.

डिफरन्शलचं ऑइल बदलताना आधी भरायचा बोल्ट सुटतो का ते बघ, सोडायचा नंतर. खालचा उघडून ऑइल सांडलंस आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागेवरच अडकली. जुनं ऑइल दोन बोटांत चोळून बघ. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. सोडायच्या बोल्टच्या चुंबकाला बारीक करडी भुकटी लागलेली असते, तिची काळजी नको. नखात धरता येईल असा तुकडा मिळाला तर मात्र गाडी हलवू नकोस.

हे पाणी शिरतं कसं, ते नीट समजून घे. आंबोलीचा घाट चढून आलेल्या गाडीचं अ‍ॅक्सल हौसिंग तापलेलं असतं. तसंच ओढ्यात घातलंस की आतली हवा आकसते आणि बाहेरचं ओढून घेते. ओढते ती ब्रीदरमधून, म्हणजे हौसिंगच्या हवेच्या छिद्रातून, आणि ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर सीलच्या कडेने. उपाय स्वस्त आहे. दोन्ही अ‍ॅक्सलच्या ब्रीदरला तेल सोसणारा रबरी पाइप जोड, तो बॉनेटखाली उंच नेऊन बांध आणि टोकाला छोटा फिल्टर लाव. पाटे पूर्ण सैल सुटले तरी पाइप ताणला जाणार नाही इतकी ढील ठेव. मला विचारशील तर गाडीतला पहिला बदल हाच. दिसत नाही म्हणून कोणी करत नाही.

पाण्यात इंजिन बंद पडलं तर लगेच स्टार्टर मारू नकोस. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉडच वाकतो. आधी एअर फिल्टर उघड. ओला असेल तर स्पार्क प्लग काढ, इंजिन फिरवून पाणी बाहेर पडू दे.

आता तुझ्या टायरांचं. २०५/७० आर १५ काढून २१५/७५ आर १५ घातलास तर व्यास साधारण ३५ मिलिमीटरने वाढतो, पण डिफरन्शल जमिनीपासून उचललं जातं त्याच्या निम्मंच. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६३ ने पळत असेल. चढावर दम कमी पडेल, ब्रेकवर भार वाढेल. लिफ्टने बॉडी वर जाते, सलग अ‍ॅक्सलचं डिफरन्शल तिथल्या तिथेच राहतं. शिवाय प्रोपेलर शाफ्टचे कोन बिघडतात, त्याच्या सांध्यांतले क्रॉस लवकर जातात. लिफ्ट केलीसच तर चाक लोंबकळत ठेवून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरव आणि ब्रेकचा रबरी पाइप कुठे ताणतो का ते बघ. पाट्यांचे यू-बोल्ट पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळ. नवे पाटे बसतात, नट सैल पडतात.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष नको. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करू देत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. ते पुढचे लोखंडी बुलबार तर अजिबात नकोत. पायी चालणाऱ्याला लागलं तर जीवावर बेततं.

कोकणातून, तांबड्या चिखलातून आलास की त्याच रात्री चॅसिसच्या पोकळीत, पाट्यांच्या मध्ये, ब्रेक ड्रमच्या मागे साध्या नळीने पाणी सोड. जोराचा फवारा सीलवर आणि क्रॉसवर मारू नकोस, तो ग्रीस धुऊन पाणी आत घालतो. धुऊन सुकली की निप्पलना ग्रीस दे, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. क्रॉसच्या चारही टोपांतून ते यायला हवं. एकातून येत नसेल तर शाफ्ट हाताने थोडा हलवून पुन्हा दाब. तरीही आलं नाही तर तो क्रॉस बदल, पुढच्या खेपेची वाट बघू नकोस.