अकोल्याहून बेटाची सैर

प्रश्न : आम्ही अकोल्याचे. मुलांना कोळ्यांचं बेट दाखवायचं आहे, पण सुट्टी एकाच दिवसाची. जमेल का?

उत्तर : दोन रात्री गाडीत काढायची तयारी असेल तर जमेल. रात्री अमरावती एक्स्प्रेस धरा, सकाळी सीएसएमटी. मासळीबाजाराची खरी गडबड पाहायची तर आधी ससून डॉकला जा (नाकाला रुमाल हवाच!). मग गेटवेहून लाँचने तासाभरात घारापुरी. सोमवारी लेणी बंद असतात. बहुतेक लोक लेणी पाहून परततात; तुम्ही शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर यांपैकी एखाद्या गावात चक्कर मारा. मुंबईसमोरच्या या गावांत समुद्राखालच्या केबलने वीज आली ती २०१८मध्ये! तीनच्या सुमारास परतीची लाँच धरा, रात्रीची गाडी चुकणार नाही. पावसाळ्यात मात्र जाऊ नका.