डॉक्टरांपासून हे लपवू नकोस

चि. सोनू,



तुझे सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी असे सगळे उपवास चाललेत, असं ताई कौतुकाने सांगत होती. मला मात्र धास्तीच वाटली. गणपतीत आमच्याकडे होतीस तेव्हा जेवण झालं की बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून ठेवायचीस. आहारतज्ज्ञ म्हणून आयुष्य गेलं माझं, त्याचा अर्थ मला कळतो. मी रागावलेली नाही, बाळा. मला तुझी काळजी वाटते.

पीसीओडी आहे, वजन उतरवा, हे डॉक्टरांचं म्हणणं चूक नाही. थोडं वजन कमी झालं तरी अनेकींची पाळी सुधारते. पण दिवसभर उपाशी राहायचं, रात्री बेसुमार खायचं आणि ओकून टाकायचं, याने उलटच होतं. अन्नाचा तुटवडा आहे असं मेंदूला जाणवलं की अंडाशयाला जाणारे त्याचे इशारे मंदावतात आणि बीज फुटेनासं होतं. काट्यावर वजन ठीक दिसत असतानाही हे घडतं. शिवाय वारंवार उलट्यांनी पोटॅशियम उतरतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तुझ्या आयव्हीएफमध्ये बीजं काढताना भूल देतील. भूल देणाऱ्याला हे ठाऊक नको का?

2010 साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या 82 जणींपैकी 17 जणींना कधी ना कधी खाण्याचा विकार झालेला होता, आणि त्यांतल्या एकीनेही तो आपल्या डॉक्टरांना सांगितला नव्हता. लाज सगळीकडे सारखीच गं.

आणि वजनाचं म्हणशील, तर नेदरलँड्समध्ये 577 स्थूल स्त्रियांवर झालेला अभ्यास 2016 साली छापून आला. काहींना आधी सहा महिने आहार-व्यायाम, मग उपचार; बाकीच्यांना थेट उपचार. दोन वर्षांत निरोगी बाळंतपणं पहिल्या गटात जास्त झाली नाहीत. तेव्हा काट्यावरच्या आकड्यापायी जीव टांगणीला लावू नकोस.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढंच सांग, ‘मी उपाशी राहते, मग खूप खाते आणि मुद्दाम उलटी करते.’ आयव्हीएफची सायकल महिना-दोन महिने पुढे गेली तरी जाऊ दे. मनोविकारतज्ज्ञांकडे जायला संकोच वाटला, तर आधी 14416 वर, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन कर. मराठीत बोलता येतं. जावईबापूंनाही सांग. ताईला मी आपणहून काही बोलणार नाही.

भेटीची तारीख कळव. हवी असेन तर मी सोबत येईन.

तुझी,
मावशी