शास्त्राभ्यासांतील कांहीं मूळ शब्द

शास्त्राच्या तासाला आम्हीं एकदां वर्गास विचारलें, “तारण म्हणजे काय?” एका मुलानें निःशंकपणें उत्तर दिलें, “कर्ज काढतांना सावकाराकडे ठेवतात तो दागिना.” सारा वर्ग हंसला. मग हंसणाऱ्यांनाच आम्हीं तो प्रश्न केला, तेव्हां एकासही धड सांगतां येईना. प्रार्थनेंत नित्य येणारा शब्द त्यांच्या तोंडीं होता, मनांत नव्हता. चुकलेल्या मुलास निदान एक अर्थ तरी ठाऊक होता! म्हणून या शास्त्रांतील कांहीं मूळ शब्द विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ग्रंथाचें नांवच घेऊं. ‘बायबल’ हा शब्द ‘पुस्तकें’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला आहे. तें एक पुस्तक नसून ग्रंथसंग्रह आहे: प्रॉटेस्टंट परंपरेंत जुन्या कराराचीं 39 व नव्याचीं 27 मिळून 66 पुस्तकें, तर रोमन कॅथलिक परंपरेंत 73. व्यवहारांतील ‘करार’ दोन पक्षांच्या घासाघिशीनें ठरतो. येथें मात्र देव आपण होऊन स्वतःस वचनानें बांधून घेतो व लोकांकडे निष्ठा मागतो. नव्या कराराचें आश्वासन जुन्या करारांतील यिर्मयाच्या 31 व्या अध्यायांतच आहे, हें विद्यार्थ्यांनीं अवश्य पाहावें.

‘ख्रिस्त’ हें येशूचें आडनांव नव्हे. ती पदवी आहे. हिब्रू ‘मशीहा’ व ग्रीक ‘ख्रिस्तोस’ या दोहोंचा अर्थ ‘अभिषिक्त’. इस्राएल लोकांत राजांना व याजकांना तेलाचा अभिषेक होत असे. 1674 सालच्या रायगडावरील राज्याभिषेकाची कथा ज्यांनीं ऐकली आहे, त्यांना या शब्दांतील गौरव वेगळा सांगावयास नको. ‘शुभवर्तमान’ म्हणजे चांगली बातमी. ‘वर्तमानपत्र’ या शब्दांतील ‘वर्तमान’ तेंच. अर्थात् मत्तय, मार्क, लूक व योहान हे केवळ नीतिवचनें सांगत नाहींत. घडलेली गोष्ट कळवीत आहों, अशी त्यांची भूमिका आहे.

‘पाप’ या अर्थीं येणाऱ्या हिब्रू क्रियापदाचा एक अर्थ नेम चुकणें असा आहे. शास्ते या पुस्तकाच्या 20 व्या अध्यायांत केसावरही नेम न चुकविणाऱ्या 700 डावखुऱ्या गोफणदारांचें वर्णन आहे. तेथें हेंच क्रियापद योजिलें आहे. नेम चुकला तर मागें वळलें पाहिजे. ‘पश्चात्ताप’ या आपल्या शब्दांत मागाहून होणारा ताप आहे. परंतु मूळ ग्रीक शब्दांत मन पालटणें, आणि हिब्रू शब्दांत परत फिरणें, हा भाव आहे. लूकच्या 15 व्या अध्यायांतील उधळ्या पुत्र नुसता रडत बसला नाहीं. तो उठून बापाच्या घराची वाट चालूं लागला.

आतां ‘तारण’. तारणें म्हणजे बुडत्यास पैलतीरीं नेणें, संकटांतून सोडविणें. ‘येशू’ या नांवाचाच अर्थ ‘परमेश्वर तारितो’ असा आहे. तसाच ‘मंडळी’ हा शब्द. आपण घरच्या माणसांनाही मंडळी म्हणतों. ख्रिस्ती लोकांची मंडळी म्हणजे दगडविटांची इमारत नव्हे, तर एकत्र बोलाविलेलीं माणसें. मूळ ग्रीक शब्द नगरांतील नागरिकांच्या सभेसही लावीत असत.

हे मराठी शब्द आयते मिळालेले नाहींत. फादर स्टीफन्स यांनीं 1616 सालच्या ‘क्रिस्तपुराणां’त स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हटलें. विल्यम कॅरी यांनीं सेरामपूर येथें 1811 सालीं मराठी नवा करार छापला. पंडिता रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठींत उतरविलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर 1924 सालीं बाहेर पडलें. भाषांतरकारांची अडचण मात्र एकच: परका शब्द ठेवावा तर तो लोकांस कळत नाहीं, घरचा घ्यावा तर त्याच्यामागून त्याचा जुना अर्थही येतो. आमचा विद्यार्थी चुकला तो याच ठिकाणीं.

कांहीं पालकांस शंका येते कीं, परधर्माचे शब्द शिकून मुलांचें मन डळमळेल. त्यांस आमचें नम्र सांगणें इतकेंच कीं, शब्दाचा अर्थ समजणें म्हणजे मत स्वीकारणें नव्हे. शेजाऱ्याच्या श्रद्धेविषयीं अज्ञान मात्र कोणाच्याच हिताचें नाहीं. ख्रिस्ती पालकांसही एक विनंती आहे. मुलाकडून वचन पाठ म्हणवून घ्याल तेव्हां त्यांतील एका तरी शब्दाचा अर्थ त्यास विचारा. तो अडखळला तर रागावूं नका, आणि चुकला तर हंसूं नका. दोघांनीं मिळून तो शब्द शोधावा. न समजतां म्हटलेल्या शंभर वचनांपेक्षां असा शोधून काढलेला एक शब्द जन्मभर सोबत करील.